सवय नाही म्हणे!

"मेट्रो कितीही धावू दे, नागपूरकर गाडी सोडणार नाही" सवयच नाही त्याला, असं कोणीतरी लिहिलंय, अर्धंच पटलं. ऑरेंज अन् अ‍ॅक्वा दोन्ही लाइन डिसेंबर २०२२ पासून पूर्ण चालू आहेत, पण स्टेशनपासून घर दोन किलोमीटर असलं तर मे महिन्यात ४५ डिग्रीत कोण चालेल बाप्पा? मागच्या उन्हाळ्यात आम्ही फीडर बससाठी, म्हणजे स्टेशन ते वस्ती अशा छोट्या बससाठी, सह्या घेत सुभाष नगर स्टेशनच्या जिन्याखाली उभे होतो, तर एक काकू सही करता करता म्हणाल्या, बस राहू द्या, आधी सायकलीवर सावली करा, सीट तव्यासारखी तापते. आमच्या अर्जात हा मुद्दाच नव्हता! पेनानं खाली लिहून घेतला.

आणि मेट्रोत सायकल नेता येते हेच कित्येकांना माहीत नाही, मी बर्डीला, म्हणजे सीताबर्डी स्टेशनवर, सायकल घेऊन उतरलो तर दोघांनी विचारलं, हे चालते काय?