गळती काढणाऱ्या फर्मला गिऱ्हाईक कोण आणतं: गूगलची जाहिरात की मराठी ब्लॉग?

घोडबंदरवाला
ठाणे-नवी मुंबईत टेरेस आणि बाथरूमची गळती काढणारी चार-पाच माणसांची फर्म धरा. जाहिरातीसाठी महिन्याला पंधरा-अठरा हजार. माझं ठाम मत आहे की पहिले सहा महिने हे पैसे गूगल ॲड्सला न देता मराठी ब्लॉगवर लावावेत. टेरेसचं मोठं काम सोसायटी देते आणि सोसायटी एका फोनवर काम देत नाही. वार्षिक सभा 30 सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. तिथे विषय निघतो, मग कोटेशनं मागवतात, आणि काम दिवाळीनंतर मेपर्यंत चालतं. एवढे महिने सेक्रेटरी वाचत असतो: खर्च सोसायटीचा की सभासदाचा, जुना कोबा (गच्चीवरचा विटा-सिमेंटचा थर) फोडायचा की वरून मेम्ब्रेन (पाणी अडवणारा पातळ थर) टाकायचं. ज्याचा लेख नीट समजला, त्याच्याकडून पहिलं कोटेशन मागवलं जातं. जाहिरातीचे पैसे थांबले की जाहिरात थांबते.

वाशी सेक्टर १७
सहा महिने कामगारांचा पगार लेखातून निघणार का? सरळ हिशेब मांडतो. रोजचं बजेट 500 ठेवलं तर गूगल महिन्याला 30.4 पटीपर्यंत (महिन्याचे सरासरी दिवस), म्हणजे 15,200 घेतो. 18 टक्के जीएसटी 2,736 धरून 17,936. क्लिक 40 रुपयांना पडला असं समजा, तर 380 क्लिक. विसातल्या एकाने फोन केला तरी 19 फोन. त्यातली पाच ठिकाणं बघायला गेलात आणि बाथरूमची दोन कामं मिळाली, तरी महिना हलतो. जीएसटी नंबर खात्यात भरला असेल तर त्या 2,736 चं क्रेडिट मिळतं; जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असाल तर नाही. नवा ब्लॉग पहिल्या महिन्यात 19 फोन आणत नाही.

नौपाडा-पूर्व
हिशेब बरोबर आहे, पण सेटिंग तशीच सोडली तर ते 380 क्लिक भलत्यांचेच असतात. सर्च मोहीम (शोधाच्या निकालांत दिसणारी जाहिरात) उघडली की डिस्प्ले नेटवर्कची (इतर वेबसाइटवर जाहिरात दाखवण्याची) खूण आधीच असते, ती काढा. लोकेशनमध्ये मूळ पर्याय ‘तिथे असलेले किंवा त्या जागेत रस दाखवणारे’ असा असतो. तो बदलून फक्त ‘तिथे असलेले’ ठेवा. कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसावी ते, ब्रॉड मॅचवर (जवळपासच्या अर्थाचे कुठलेही शोध) सोडू नका, फ्रेज मॅच (त्याच शब्दसमूहाचा अर्थ असलेले शोध) घ्या.

सगळ्यात जास्त पैसा गळतो तो नकारात्मक कीवर्ड (ज्या शब्दांवर जाहिरात दिसू नये ते) न टाकल्यामुळे. ‘वॉटरप्रूफ’ शोधणारे कितीतरी जण जॅकेट, बूट आणि मोबाइल कव्हर शोधत असतात. शिवाय ‘केमिकल किंमत’, ‘घरच्या घरी’, ‘नोकरी’, ‘कोर्स’. हे शब्द देवनागरी आणि रोमन दोन्ही लिपींत टाकायचे, कारण नकारात्मक कीवर्ड समानार्थी शब्द आपणहून पकडत नाहीत. सर्च टर्म्सचा अहवाल (लोकांनी काय शोधल्यावर जाहिरात दिसली त्याची यादी) पहिले पंधरा दिवस रोज उघडा. कमी वेळा शोधलेले शब्द त्यात दिसतच नाहीत, म्हणून दिसतील तेवढे तरी लगेच बंद करा.

घोडबंदरवाला
लोकेशनचं मला पटत नाही. फ्लॅट ठाण्यात मानपाड्याला, मालक पुण्यात किंवा दुबईत, आणि खालच्याने तक्रार केलेली. हा माणूस घाईत असतो, घासाघीस कमी करतो. ‘फक्त तिथे असलेले’ केलंत की तो हातचा गेला.

नौपाडा-पूर्व
त्याच्यासाठी वेगळी मोहीम काढा, कीवर्डमध्ये ‘ठाणे’ शब्द सक्तीचा ठेवून. एकाच मोहिमेत दोन्ही कोंबलं की कुठून काय आलं ते कळत नाही.

कोपरखैरणे_नोड
ब्लॉगच्या बाजूने, पण एक इशारा देऊन. ‘वॉटरप्रूफिंग नौपाडा’, ‘वॉटरप्रूफिंग नेरुळ’, ‘वॉटरप्रूफिंग खारघर’ अशी नाव बदललेली वीस पानं काढू नका. गूगल त्याला डोअरवे पानं (फक्त शोधात दिसण्यासाठी काढलेली सारखी पानं) म्हणतो आणि खाली ढकलतो. मार्च 2024 पासून घाऊक भरताड मजकुरावरही वेगळा नियम आहे, तो एआयने लिहिलेला असो की माणसाने.

त्यापेक्षा आठ लेख लिहा, पण असे की सभेत छापून वाटता येतील. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावली) टेरेस आणि बाहेरच्या सामायिक पाइपाची गळती सोसायटीच्या खर्चात, फ्लॅटच्या आतली सभासदाच्या. एवढा एक लेख फोटोंसह नीट लिहिला तरी भांडणातल्या दोन्ही बाजू तो वाचतात. दुसरा लेख पाणी साचवून चाचणी घेण्यावर: आउटलेट कसे बंद करायचे, पाण्याची पातळी भिंतीवर खुणेने कशी नोंदवायची, खालच्या छताचे फोटो कधी काढायचे. प्रत्येक लेखात वर आणि खाली दाबताच फोन लागेल असा नंबर. फोटो मोबाइलमधून थेट चढवू नका. चार-पाच एमबीचा फोटो लहान करून दोनशे केबीच्या आत आणा.

आणि महिन्यातून एकदा सर्च कन्सोल (आपली पानं गूगल शोधात कशी दिसतात ते सांगणारं गूगलचं साधन) बघा. ज्या लेखाला इम्प्रेशन (शोधात किती वेळा दिसला) भरपूर पण क्लिक नाहीत, त्याचं शीर्षक बदलायचं.

तळ्याकाठी
दोघांच्याही आधी गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगल शोध आणि मॅपवर दिसणारी फर्मची नोंद), फुकट आहे. नाव पाटीवर आहे तेच टाका. त्यात ‘बेस्ट वॉटरप्रूफिंग ठाणे’ घुसडलं तर प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. दुकान नसेल तर पत्ता लपवा आणि सेवा क्षेत्रं द्या, 20 पर्यंत देता येतात. रिव्ह्यूच्या बदल्यात सूट देणं नियमात बसत नाही.

वाशी सेक्टर १७
आठ लेखांबद्दल आदर आहे, पण भारतात ऑगस्ट 2024 पासून गूगल उत्तराचा सारांश वरच दाखवू लागलाय. ‘खर्च कोणाचा’ हे तिथेच वाचून माणूस निघून जातो. आणि ब्लॉगवर ॲडसेन्स (गूगलच्या जाहिराती आपल्या पानावर दाखवून पैसे मिळवायची सोय) लावून खर्च भरून काढू म्हणणाऱ्यांना सांगतो: 100 डॉलर जमल्याशिवाय पैसे निघत नाहीत, आणि तुमच्याच लेखाखाली तुमच्या स्पर्धकाची जाहिरात झळकते.

घोडबंदरवाला
ॲडसेन्स नकोच, त्यात दुमत नाही. पण सारांश वाचून जो निघून जातो तो गिऱ्हाईक नव्हताच. सारांशाने कोटेशन मिळत नाही. ज्याला सभेपुढे कागद ठेवायचाय तो खाली येतो.

कोपरखैरणे_नोड
वेळेचा मुद्दा राहिला. जूनमध्ये पाणी टपकायला लागलं की सगळे शोधतात, म्हणून सगळे तेव्हाच बजेट वाढवतात. पण ओल्या स्लॅबवर मेम्ब्रेन धरत नाही, टेरेसचं काम निघतच नाही. त्या महिन्यांत जाहिरात फक्त बाथरूम आणि आतल्या भेगा भरण्याची (ग्राउटिंग) ठेवा, ‘टेरेस’ शब्द नकारात्मक यादीत. टेरेसचे लेख मात्र जुलैपर्यंत चढलेले हवेत, म्हणजे सप्टेंबरच्या सभेआधी ते सापडू लागतात.

वाशी सेक्टर १७
टेरेस बंद ठेवणं मान्य. पण ठाण्यातल्या नौपाडा-कोपरीतल्या ज्या जुन्या इमारती पुनर्विकासात चालल्यात, तिथून येणारे फोन दोन्ही मार्गांनी वाया जातात. पाडायच्या इमारतीवर कोण खर्च करणार? म्हणून पहिल्याच फोनवर दोन प्रश्न: इमारत किती वर्षांची, आणि पुनर्विकासाचा ठराव झालाय का. तिसरा, नंबर कुठे मिळाला. तिन्ही उत्तरं वहीत लिहा. तीन महिन्यांनी ती वही इथे आणा, मग लेख आणि जाहिरात यांचं भांडण आकड्यांवर करू.