‘लेडी बी गुड’: इंधनापेक्षा दिशेची चूक मोठी

दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकी बॉम्बफेकी विमान ‘लेडी बी गुड’ इंधन कमी भरल्यामुळे पडलं, असं म्हटलं जातं; ते पटत नाही. ४ एप्रिल १९४३ रोजी लिबियातल्या सोलुकहून इटलीतल्या नेपल्सवर हल्ल्यासाठी निघालेल्या या बी-२४डी विमानाची आणि त्यातल्या नऊ जणांची ती पहिलीच मोहीम. परतताना वैमानिकाने लिबियातल्याच बेनिना तळाकडे दिशा मागितली. उत्तर मिळालं ३३० अंश, म्हणजे विमान तळाच्या वायव्येला, समुद्रावर. पण तळावरच्या एकट्या लूप अँटेनाला (सिग्नलची दिशा शोधणाऱ्या कड्यासारख्या अँटेनाला) सिग्नल पुढून येतोय की मागून, हे कळत नाही. विमान बहुधा तळ ओलांडून नेमक्या उलट बाजूला, १५० अंशांवर, वाळवंटावर पोचलं होतं. इंधन संपत आल्यावर सगळ्यांनी उड्या मारल्या. एकाचं पॅराशूट नीट उघडलं नाही. उरलेले आठ समुद्र जवळ आहे असं समजून, अर्ध्या बाटली पाण्यावर वायव्येला चालत राहिले. १९५८ मध्ये विमान हवेतून दिसलं; १९५९ मध्ये माणसं तिथे पोचली तेव्हा त्यातला रेडिओ चालत होता, पाणीही शिल्लक होतं.