क्लोदचे मेंढपाळ: स्वप्न की झाकपाक?

रानवाट: फ्रेंच चित्रकार क्लोद लोरँची निसर्गचित्रं पाहताना हल्ली मला अस्वस्थ व्हायला होतं. एका कडेला गर्द झाड, मध्ये चकाकतं पाणी, मागे निळसर होत गेलेले डोंगर, खाली उतरलेला सूर्य आणि पुढ्यात निवांत मेंढपाळ. १७व्या शतकात त्याने हे घेतलं रोमभोवतीच्या काम्पान्याच्या माळावरून. तिथे त्या काळी हिवतापाने माणसं मरत होती. चित्रात कुणाला ताप नाही, कुणाला घाम नाही. गिऱ्हाईक कोण? पोप आठवा अर्बन, कार्डिनल, उमराव. ज्यांच्या जमिनी, त्यांना त्या अशाच बघायला आवडणार. चित्रं सुंदर आहेत, पण कष्ट पुसून सुंदर झालीत.

बोरू: मला हे पटत नाही. तो मेंढपाळ काम्पान्यातला नाहीच, कवितेतून आलाय. रोमन कवी व्हर्जिलचं पहिलं गोपगीत, म्हणजे मेंढपाळांवरची कविता, बघा. इ.स.पू. ४२च्या फिलिप्पीच्या लढाईनंतर सैनिकांना वाटण्यासाठी लोकांच्या जमिनी काढून घेतल्या, त्याची ही पार्श्वभूमी. तित्युरस झाडाखाली पावा वाजवतोय आणि मेलिबियस घरदार सुटल्यामुळे शेळ्या हाकत निघालाय. वाटेत एक शेळी व्यायली, जुळी करडं उघड्या खडकावर टाकून यावं लागलं. या परंपरेच्या मुळाशीच विस्थापन आहे.

रानवाट: करडं कवितेत आहेत. क्लोदच्या कॅनव्हासवर दाखवा ना! व्हर्जिल वाचलेल्यालाच दुःख दिसावं, बाकीच्यांनी नुसतं ऊन बघावं, हे मला खटकतं.

उजेड: क्लोदच्याच काळातला चित्रकार पुसँ, त्याच्या 'आर्केडियाचे मेंढपाळ'मध्ये मात्र ते दुःख उघड आहे. आर्केडिया म्हणजे कवितेतला मेंढपाळांचा सुखी प्रदेश. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलं, साधारण १६३८चं चित्र. दाढीवाला मेंढपाळ गुडघा टेकून थडग्यावरच्या अक्षरांवरून बोट फिरवतोय, एकेक अक्षर लावत असल्यासारखा. त्याच्याच हाताची सावली दगडावर पडलीय. 'आर्केडियातही मी आहे.' हा 'मी' म्हणजे मृत्यू. कवटी नाही, रक्त नाही, तरी पोटात गोळा येतो.

बोरू: आणि तापाचं म्हणाल तर खरे मेंढपाळ उन्हाळ्यात, म्हणजे तापाच्या दिवसांत, कळप घेऊन आब्रुत्सोच्या डोंगरात जायचे.

रानवाट: कार्डिनलही फ्रास्कातीच्या टेकड्यांवर जायचे. पण कापणीचे मजूर नेमके त्याच दिवसांत डोंगर उतरून माळावर यायचे. म्हणजे मी चुकीच्या माणसाकडे बघत होतो. मेंढपाळ निदान चित्रात आहे. क्लोदच्या माळावर मला विळा घेतलेला माणूस हवा होता.