मुखपृष्ठाआधी वाटेचं पान

डोंगरवाटांची माहिती देणाऱ्या वेबसाइटच्या मुखपृष्ठावर मोठा फोटो हवा की नकाशा, यावर बरीच चर्चा झाली आहे. मला वाटतं, तो वाद नंतरचा. सर्च करून येणारा माणूस थेट एखाद्या वाटेच्या पानावरच उतरतो. मुखपृष्ठ त्याला दिसतही नाही.

त्या पानावर पहिल्याच नजरेत अंतर, चढ, लागणारा वेळ आणि सुरुवात कुठून, एवढं कळलं पाहिजे. 'सोपी', 'मध्यम' हे शब्द फसवे. सोपी कुणासाठी? त्यापेक्षा आकडे द्या. वेळेसाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथचा १८९२ सालचा ठोकताळा अजूनही कामाचा आहे: दर ५ किलोमीटरला एक तास, शिवाय दर ६०० मीटर चढाला आणखी एक. (त्यात विश्रांती धरलेली नाही, हे मात्र लिहाच.)

नकाशा फक्त पीडीएफमध्ये असला की फोनवर तो बोटांनी ओढत बसावं लागतं. फिकट राखाडी अक्षरं तर उन्हात दिसतच नाहीत; अक्षरं आणि त्यांच्यामागचा रंग यांच्या उजळपणातला फरक, म्हणजे कॉन्ट्रास्ट, किमान ४.५:१ ठेवा. जीपीएक्स फाइलही (वाटेची जीपीएस नोंद) द्या, म्हणजे रेंज गेली तरी वाट फोनमध्ये राहते.

आणि 'वाट बंद आहे' ही सूचना कृपा करून बातम्यांच्या विभागात दडवू नका. त्याच वाटेच्या पानावर, सगळ्यात वर, तारखेसकट.