बँक ऑफ युनायटेड स्टेट्स, १९३०: बुडाली की बुडवली?

खतावणी (धागाकर्ता)

महामंदीत बँका बुडाल्या म्हटले की खापर घाबरट ठेवीदारांवर फुटते. मला हे कधी पटले नाही. न्यूयॉर्कची बँक ऑफ युनायटेड स्टेट्स घ्या. नाव भारदस्त, पण सरकारशी काडीचा संबंध नाही. कपड्यांच्या धंद्यातले जोसेफ मार्कस यांनी १९१३ साली लोअर ईस्ट साइडला काढलेली बँक. गिऱ्हाईक बहुतेक पूर्व युरोपातून आलेले ज्यू: शिंपी, शिवणकामगार, छोटे दुकानदार. १९३० पर्यंत शहरभर साठाच्या आसपास शाखा आणि चार लाखांवर ठेवीदार.

१० डिसेंबर १९३० ला ब्राँक्समधल्या एका शाखेबाहेर झुंबड उडाली. दुसऱ्या दिवशी दारे उघडलीच नाहीत. राज्याचे बँकिंग अधीक्षक जोसेफ ब्रॉडरिक यांनी ताबा घेतला. खरे नाटक मधल्या रात्री झाले. इतर तीन बँकांबरोबर विलीनीकरणाची योजना तयार होती, त्यात क्लिअरिंग हाउसच्या (धनादेश वटवण्यासाठी एकत्र आलेल्या शहरातल्या बँकांच्या संघटनेच्या) बड्या बँकांनी ३ कोटी डॉलर घालायचे होते. ऐन वेळी त्यांनी अंग काढून घेतले. तुम्ही न्यूयॉर्कच्या बँकिंगमधली सर्वांत मोठी चूक करताय, असे ब्रॉडरिक यांनी त्यांना तोंडावर सांगितले. काही आठवड्यांपूर्वीच याच मंडळींनी दोन बड्या खासगी पेढ्यांना हात दिला होता, याचीही आठवण करून दिली. उपयोग शून्य.

आता हिशेब बघा. मंदीच्या गाळात मालमत्ता विकूनही या बँकेची ८३.५ टक्के देणी फिटली. अशा बँकेला बुडीत म्हणायचे? माझ्या मते शिंप्यांची बँक वाचवण्यात वॉल स्ट्रीटला रस नव्हता, एवढेच.

निवृत्त शाखाधिकारी

खतावणीसाहेब, मी आयुष्यभर कर्ज विभागात काढले, म्हणून सांगतो. १०० देणे असताना ८३.५ हाती येत असतील तर त्यालाच बुडीत म्हणतात. भागभांडवल तर आधीच साफ.

आणि थोरल्या मार्कसवर थांबू नका. १९२७ ला ते वारले, मुलगा बर्नार्ड आणि सॉल सिंगर यांच्या हाती कारभार गेला. दोन वर्षांत बँकांमागून बँका गिळल्या, उपकंपन्या काढल्या आणि त्यांच्यामार्फत स्वतःच्याच शेअरांचा भाव टेकवून धरला. उरलेला पैसा जमीन-इमारतींत. सेंट्रल पार्क वेस्टवरच्या सॅन रेमो आणि बेरेस्फोर्ड या आलिशान इमारतींत याच बँकेचा पैसा अडकला होता. १९४० मध्ये त्या दोन्ही मिळून विकल्या गेल्या, तेव्हा गहाणाचे कर्ज वगळता वर जेमतेम २५ हजार डॉलर मिळाले. (आज तिथे एक फ्लॅट घ्यायलाही लाखो डॉलर लागतात, पण बुडालेल्या बँकेची मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अवसायकाला आजचा भाव काय कामाचा?)

फेडरल रिझर्व्ह, म्हणजे अमेरिकेची मध्यवर्ती बँक, त्या वेळी मुख्यतः चांगल्या व्यापारी हुंड्यांवर पैसे द्यायची. अर्धवट गाळ्यांच्या गहाणखतांवर नव्हे. मग क्लिअरिंग हाउसवाल्यांनी स्वतःच्या ठेवीदारांचे ३ कोटी का घालायचे?

खतावणी

मार्कस-सिंगर साधू होते असे मी कुठे म्हटले? १९३१ मध्ये दोघांना शिक्षा झाली, सिंग सिंगच्या तुरुंगात गेले, बरेच झाले. पण संचालक चोर निघाले म्हणून चार लाख लोकांना उघड्यावर सोडायचे हा कुठला न्याय? शिवाय तोवर अमेरिकेत एवढ्या ठेवींची व्यापारी बँक बुडाली नव्हती. पडसाद कुठवर जातील याचा विचार त्या रात्री कोणी तरी करायला हवा होता.

बोरीबंदर

दोघेही महत्त्वाच्या गोष्टीला बगल देताय. या बँकेने आपले शेअर आपल्याच ठेवीदारांच्या गळ्यात मारले होते. काउंटरवरचा ओळखीचा माणूस सांगतो आहे म्हटल्यावर शिंपी घेणारच. १० तारखेची अफवासुद्धा ठेवीवरून उठली नाही. एक व्यापारी शाखेत आपले शेअर काढून टाकायला गेला. तिथे त्याला ठेवून द्या, चांगली गुंतवणूक आहे, असे सांगितले. बाहेर येऊन त्याने बँक पैसे देत नाही असे सांगितले, असे तेव्हाच्या वर्तमानपत्रांत आले. म्हणजे ज्याला तुम्ही भीती म्हणता तिला चांगले सबळ कारण होते.

पुढचे आणखी वाईट. न्यूयॉर्कच्या कायद्यात बँक भागधारकावर दुहेरी जबाबदारी होती. बँक बुडाली की शेअर मातीमोल तर होणारच, वर शेअरवर छापलेल्या दर्शनी किमतीएवढी रक्कम खिशातून भरायची. ब्रॉडरिक यांनी दर शेअरमागे २५ डॉलरची मागणी लावली. नदीपलीकडे न्यू जर्सीत राहणाऱ्या पाचशेहून जास्त भागधारकांवर दावा लावला. तिथल्या राज्याचा कायदा आड आला, तेव्हा प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. १९३५ मध्ये न्यायालयाने ब्रॉडरिक यांच्या बाजूने निकाल दिला.

ज्याच्याकडे पासबुकही होते आणि शेअरही, त्याच्या एका हातावर ठेवीचा हप्ता टेकवायचा आणि दुसऱ्या हाताने वसुली करायची. खतावणी, तुमच्या ८३.५ टक्क्यांकडे बघताना ही बाजूही धरा.

मुळारंभ

म्हणजे ठेवही अडकली आणि वरून बिल? कमाल आहे.

पासबुकवाला

आमच्याकडे एका नागरी सहकारी बँकेवर निर्बंध आले तेव्हा सभासद-ठेवीदारांची अशीच गत झाली. नाव घेत नाही, प्रकरण चालू आहे. कर्ज हवे तर भाग घ्या, हा नियम आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक. बोरीबंदर म्हणतात तशी दर्शनी किमतीची वसुली मात्र नाही झाली, एवढेच समाधान.

माझा मुद्दा विम्याचा. अमेरिकेत ठेव विमा १ जानेवारी १९३४ पासून आला, मर्यादा २५०० डॉलर. आपल्याकडे १९६० मध्ये पलाई सेंट्रल बँक बुडाल्यावर हालचाल झाली आणि १९६२ पासून विमा सुरू झाला. आज ५ लाखांपर्यंत. त्या रात्री विमा असता तर ब्राँक्समध्ये रांगच लागली नसती, आणि हा वादही झाला नसता.

निवृत्त शाखाधिकारी

रांग लागली नसती हे खरे, पण मग मार्कसने आणखी चार वर्षे निवांत इमारती बांधल्या असत्या. ब्रॉडरिक यांच्यावरही खटला झालाच की. कशाबद्दल? बँक बंद केल्याबद्दल नव्हे, वेळेवर बंद केली नाही म्हणून! १९३२ मध्ये निर्दोष सुटले, तो भाग वेगळा. विमा असता तर त्यांना घाई आणखीच कमी झाली असती.

खतावणी

ठीक, इमारतींचा मुद्दा मान्य. पण एक सांगा. बँक बंद झाल्यावर याच क्लिअरिंग हाउसच्या बँकांनी अडकलेल्या ठेवीदारांना ठेवीच्या निम्म्यापर्यंत कर्ज देऊ केले. पैसे होते ना मग? आधी का नाही निघाले?

निवृत्त शाखाधिकारी

कारण ते कर्ज होते. तारण म्हणून ठेवीदाराचा हक्क हातात, आणि तोही फक्त निम्म्यापर्यंत. अवसायकाकडून त्याहून जास्त येणार हा अंदाज सरळ होता. विलीनीकरणात मात्र बँकेची सगळी देणी नव्या बँकेच्या माथी आली असती, मार्कसच्या उपकंपन्यांच्या भानगडींसकट. मी त्या खुर्चीत असतो तर मीही कर्जच दिले असते.

बोरीबंदर

आणि व्याज लावले असते. ठेवीदाराला, त्याच्याच पैशांवर.