नॅनोवायरमध्ये थर चढवणं हा निव्वळ पेपर छापायचा धंदा?

लुंडकर : काल कुणीतरी इथे लिहिलं, 'नॅनोवायरवाले वीस वर्षं थरावर थर चढवतायत, एक चिप निघाली नाही.' राहवलं नाही म्हणून उत्तर देतोय. (नॅनोवायर म्हणजे काही दहा नॅनोमीटर जाडीची अर्धवाहकाची स्फटिक तार.) इंडियम आर्सेनाइड आणि इंडियम फॉस्फाइड या दोन अर्धवाहकांच्या जाळीत, म्हणजे अणूंमधल्या अंतरात, 3 टक्क्यांहून जास्त फरक. सपाट वेफरवर थर जरा जाड झाला की डिसलोकेशन (अणूंच्या रांगा तुटल्याचे दोष) पडलीच. 40 नॅनोमीटरच्या तारेत तोच ताण कडेने मोकळा होतो. 2002 साली स्वीडनचं लुंड, हार्वर्ड, बर्कली, तिन्ही विद्यापीठांत एका तारेत आलटून पालटून थर उगवून दाखवले. याला धंदा म्हणायचं?

सिलिकॉनभक्त : ताण सुटतो, कबूल. पण तार ज्याच्याखाली उगवते त्या टोकावरच्या सोन्याच्या थेंबाचं काय? वॅग्नर-एलिसनी 1964 मध्ये त्याच थेंबाखाली सिलिकॉन उगवलं, तुम्ही अजून तिथेच. सिलिकॉनमध्ये सोनं शिरलं की बँडगॅपच्या (इलेक्ट्रॉनला मनाई असलेल्या ऊर्जापट्ट्याच्या) मधोमध इलेक्ट्रॉन अडकवणारे सापळे. कुठली फॅब (चिपचा कारखाना) ते दारात उभं करेल?

वेफरवाली : सोन्याचा विषय निघालाच आहे तर ऐका. आमच्या लॅबमध्ये कुणीतरी सोन्याच्या सॅम्पलचा चिमटा ऑक्सिडेशनच्या भट्टीपाशी आणला. सहा आठवडे भट्टी बंद, ट्यूब बदलली, माझे वेफर कचऱ्यात. साधं सॉरीसुद्धा कुणी म्हटलं नाही.

रात्रपाळी : चिमट्यांना ओळखीची रंगीत टेप लावली नव्हती ना? मग दोष लॅबचा, सोन्याचा नाही.

वेफरवाली : टेप होती! लाल! वाचायचीच नसेल तर काय करणार? तुमचे सहा आठवडे गेले असते तर असं बोलला नसतात.

रात्रपाळी : माझे तीन महिने गेलेत, पंप बिघडल्यामुळे. म्हणून सगळ्या लॅबवर राग काढत बसलो नाही.

लुंडकर : चिमटे पुरे. सोनं लागतंच असं नाही. होक्काइडोच्या तोमिओकांनी 2012 मध्ये सिलिकॉनवरच्या ऑक्साइडला भोकं पाडून, सोन्याशिवाय इंडियम गॅलियम आर्सेनाइडच्या तारा उगवल्या, भोवती थरांची कवचं चढवली आणि गेट (प्रवाह चालू-बंद करणारा इलेक्ट्रोड) गुंडाळून ट्रान्झिस्टर चालवले.

सिलिकॉनभक्त : वाचलंय. मी स्वतः अडीच वर्षं जर्मेनियमच्या तारेवर सिलिकॉन चढवत होतो. वायू बदलला की जोडावरच तार वाकायची, टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली) एकजात हॉकी स्टिका. ज्या सरळ वाढल्या त्यांचीही दोन थरांमधली सीमा पसरलेली, कारण वायू बंद केला तरी थेंबात जर्मेनियम उरतंच. आणि गेट चारी बाजूंनी गुंडाळायची कल्पना तोशिबाच्या मासुओकांच्या गटाची, 1988 ची. सॅमसंगने 2022 मध्ये 3 नॅनोमीटर पिढीच्या चिपमध्ये ती आणली, पण सपाट वेफरवर सिलिकॉन आणि सिलिकॉन-जर्मेनियमचे थर चढवून, मधले कोरून काढून. थर चढवणं हवंच, एवढं देतो तुम्हाला. तार उगवणं नको.

लुंडकर : थेंबात विरघळणाऱ्या मूलद्रव्याची सीमा पसरते, मान्य करावं लागतंय. आर्सेनिक आणि फॉस्फरस सोन्यात फारसे विरघळत नाहीत, म्हणून तर आम्ही तीच जोडी धरली आणि सीमा काही अणुथरांवर आणली. तुमच्या जर्मेनियमच्या तारा वाकल्या म्हणून आमच्या वाकत नाहीत.