अनुभव धागा: अ‍ॅनालिटिक्सचं सर्टिफिकेट केलंत, पुढे काय झालं?

अबोली_ठाणे
आज पीएल-३०० च्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या पॉवर बीआय सर्टिफिकेटच्या, नूतनीकरणाची मेल आली आणि २०२२ चा उन्हाळा आठवला. तेव्हा मी एका वितरकाकडे एमआयएस (कामकाजाच्या आकड्यांचे रिपोर्ट) बघायचे. रोज सकाळी शाखांच्या एक्सेल फाइल्स उघडायच्या, व्हीलुकअप लावून आकडे जुळवायचे, पिव्होट करून गोषवारा काढायचा आणि दहाच्या आत साहेबांना पाठवायचं. पॉवर बीआय (डेटाचे रिपोर्ट करायचं सॉफ्टवेअर) शिकायला घेतलं ते त्या सकाळच्या कंटाळ्यापोटी. अभ्यास करताना त्यातल्या पॉवर क्वेरीत (डेटा गोळा करायच्या भागात) सबंध फोल्डरच जोडता येतो हे कळलं आणि सगळ्या शाखा एका रिफ्रेशमध्ये एकत्र आल्या! निकालापेक्षा तो दिवस मला जास्त लख्ख आठवतो. परीक्षेला १००० पैकी ७०० लागतात, ते मिळाले. तिथे पगार वाढला नाही, पण प्रोफाइलवर टाकल्यावर फोन यायला लागले. मुलाखतीत मात्र सगळा वेळ मी त्या फोल्डरबद्दलच बोलत होते. पुढची नोकरी अ‍ॅनालिस्टची.

तुमचंही लिहा. कुठलंही सर्टिफिकेट चालेल. खर्च, अभ्यास, घरचे काय म्हणाले, सगळं.

कोकमसरबत
मी परीक्षा घरूनच दिली. टेबलाचे आणि खोलीचे चारही बाजूंनी फोटो पाठवायचे, खोलीत दुसरं कोणी नको. सासूबाई स्टूल टाकून दाराबाहेर बसल्या, भांडीवाल्या मावशींनाही फिरकू दिलं नाही. कुकरला मात्र कोण अडवणार 😀 पास झाल्यावर पेढे त्यांनीच आणले.
मुलीनंतर गॅप पडली होती. आधी मुलाखतीत पहिला प्रश्न "इतकी वर्षं काय केलंत?" असायचा. नंतर "हे कधी केलंत?" असा झाला. माझ्यासाठी फार मोठी गोष्ट होती ती.
बाकी नंतर लिहिते, पोळ्या राहिल्यात.

गोदाकाठ
मी केलं ते गूगलचं डेटा अ‍ॅनालिटिक्सचं, कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवरचं. तेव्हा ८ कोर्स होते. आर्थिक मदतीचा अर्ज मंजूर झाला म्हणून जमलं. शेवटी शिकागोच्या भाड्याच्या सायकलींचा प्रकल्प असतो. चांगला आहे, पण प्रत्येक फ्रेशरच्या रेझ्युमेत त्याच सायकली! मी लासलगावचा कांदा घेतला. अ‍ॅगमार्कनेटवर (बाजारभावांची सरकारी साइट) रोजची आवक आणि किमान, कमाल, सर्वसाधारण भाव मिळतात. मधेमधे तारखा गायब. कोर्समध्ये रिकाम्या जागा कशा भरायच्या ते शिकवतात, म्हणून मामांना विचारलं. ते म्हणाले, "अरे, अमावास्येला लिलाव बंद असायचे. त्या दिवशी भाव कुठून आणणार?" पंचांग शेजारी ठेवून बघितलं, बऱ्याच गाळलेल्या तारखा तिथेच सापडल्या. शिवाय लाल आणि उन्हाळ कांदा एकाच रेषेत काढायचा नाही. उन्हाळ कांदाचाळीत टिकतो, लाल टिकत नाही, त्यामुळे शेतकरी थांबू शकतो की नाही हेच बदलतं. मुलाखतीत निम्मा वेळ यावरच गेला. सर्टिफिकेटबद्दल कोणी विचारलंही नाही, पण त्याच्याशिवाय मी तो डेटा उघडलाच नसता.

बांधावरून
कांद्याला आत्ता काय चाललंय तिकडे? आमची चाळ अर्धी भरलेली आहे अजून.

गोदाकाठ
मी पुण्यात असतो दादा. मामांना विचारून व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

जुनाजाणता
मुलाखती घेतो म्हणून लिहितो. एचआरच्या पहिल्या चाळणीत सर्टिफिकेट उपयोगी पडतं, यात शंका नाही. माझ्यासमोर आल्यावर मी विचारतो: मागच्या वर्षीच्या याच महिन्याशी विक्रीची तुलना कशी कराल आणि त्यात पॉवर बीआयचं कॅल्क्युलेट हे फंक्शन नक्की काय करतं? ज्याने स्वतः मेजर (हिशोबाचं सूत्र) लिहिलंय तो लगेच फिल्टरवर, म्हणजे कुठला डेटा मोजायचा त्यावर येतो. स्लायसरवर (रिपोर्टमधली महिना निवडायची चौकट) मार्च २०२४ निवडलाय, तरी आत मार्च २०२३ ची बेरीज कशी होते, ते कागदावर काढून दाखवतो. डंप (परीक्षेतले फुटलेले प्रश्नसंच) पाठ करून आलेली मुलं गप्प होतात. वाईट वाटतं, पैसे आईवडिलांचे गेलेले असतात. डंप विकत घेऊ नका. "शंभर टक्के प्लेसमेंट" पाटी बघून क्लासला लाखभर भरू नका. मायक्रोसॉफ्ट लर्नवर अभ्यासक्रम फुकट आहे, नूतनीकरणही फुकट, दरवर्षी घरबसल्या.

हिरवीमिरची
डंपबद्दल +१. पाटीबद्दल +१००.

सुगरण
मॅकवर चालतं का हो हे पॉवर बीआय? भाचीला घेऊन दिलाय.

अबोली_ठाणे
डेस्कटॉप विंडोजवरच चालतं ताई. घरात जुना विंडोज लॅपटॉप असेल तर शिकण्यापुरता तोच द्या.

निशिगंध
मी वेगळ्या गल्लीतली. एमएस्सी स्टॅट, मग बेस सॅस (सॅस या आकडेवारीच्या सॉफ्टवेअरचं सर्टिफिकेट), मग क्लिनिकल ट्रायल. जो तो पायथन ही संगणकभाषा शिका म्हणतो, शिकाच, पण औषधांच्या चाचण्यांत सॅस अजून पाय रोवून आहे. अमेरिकेच्या एफडीएकडे (औषधांना मंजुरी देणारी संस्था) डेटा जातो तोही सॅसच्या ट्रान्सपोर्ट फाइलमधून. स्टॅटच्या मुलींनी हे क्षेत्र जरूर बघा, कॉलेजात कोणी सांगत नाही. सरावासाठी सॅस ऑनडिमांड फॉर अकॅडेमिक्स फुकट आहे.

लोकलवाली
गूगल अ‍ॅनालिटिक्सवाले (वेबसाइटवर कोण येतं ते मोजणारं) कोणी? १ जुलै २०२३ ला त्याच्या जुन्या आवृत्तीने डेटा घेणं थांबवलं, तेव्हा आमच्या ऑफिसात जीए४ ही नवी आवृत्ती येणारी मी एकटी होते, स्किलशॉप या गूगलच्या शिकवणी साइटवरच्या फुकट सर्टिफिकेटमुळे. टीमच माझ्याकडे आली. स्टेशन आलं, नंतर लिहिते.

कोकमसरबत
निशिगंध, माझी नणंद एमएस्सी स्टॅटच्या शेवटच्या वर्षाला आहे. आधी सॅस करू दे की आर ही आकडेवारीची भाषा?

निशिगंध
आर आधी, प्रात्यक्षिकांना बहुतेक तेच असेल. सॅस सुट्टीत. आणि सीडिस्कचं एसडीटीएम, एडॅम (चाचण्यांचा डेटा कसा मांडायचा त्याची मानकं) वाचायला सांग, मुलाखतीत हमखास येतं. माझे नोट्स पाठवते, मेल दे.